ताटाखालची चटई

जेवणाच्या टेबलावर ताटाखाली जो चौकोनी तुकडा अंथरतात, त्याला मराठीत स्वतःचे नाव नाही. दुकानदार ‘टेबलमॅट’ म्हणतो, घरातही तेच म्हणतात. चंद्रपूर-मूल रस्त्यावर बांबूच्या वस्तू विकायला बसणाऱ्या बाया त्याला नुसती ‘बारकी चटई’ म्हणतात. मला हे दुसरे नाव अधिक खरे वाटते, कारण वस्तू नवी असली तरी विणकाम जुने आहे. या बारक्या चटईचा इतिहास शोधू लागलो तेव्हा वाटले होते की विषय स्वयंपाकघरात सुरू होईल आणि तिथेच संपेल. तो निघाला जंगलखात्याच्या दप्तराकडे, कागदगिरणीच्या फाटकाकडे, आणि ‘झाड’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येकडे.

आधी स्वयंपाकघर. आपल्याकडे ताटाखाली काही घालण्याची रीत का नव्हती, याचे उत्तर सरळ आहे. जेवण जमिनीवर होते आणि जमीन रोज शेणाने सारवलेली असे. सांडलेले वरण पोतेऱ्याने निघून जाई. माणसाखाली पाट असे, ताटाभोवती सणासुदीला रांगोळीची महिरप असे, पण ताटाखाली काही लागत नसे. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, लग्नाच्या पंगतीला ताटही नसे. पळसाची पाने काडीने टाचून केलेली पत्रावळ हेच ताट आणि हीच चटई. पळसाची पाने उन्हाळ्यात गोळा करून, चळत रचून, वर दगड ठेवून वाळवायची आणि लागतील तेव्हा पाणी शिंपडून मऊ करून टाचायची. टाचायची काडी बहुधा बांबूची. जेवण झाले की पत्रावळ उकिरड्यावर किंवा गुरांपुढे.

मग टेबल आले. गावोगावच्या मध्यमवर्गीय घरांत ते एकाच वेळी आले नाही. साहेबाच्या बंगल्यात होते, डाकबंगल्यात होते, वकील-डॉक्टरांच्या घरी आले, आणि कॉलनीतल्या क्वार्टरांमध्ये तर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्या मध्ये ते गृहीतच धरलेले होते. कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज या चार उद्योगांनी चंद्रपूर जिल्ह्यात ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांत पाट माळ्यावर गेला. टेबल सारवता येत नाही. त्याच्यावरचे पॉलिश गरम पातेल्याने पांढरे पडते, सनमायकावर हळदीचा डाग राहतो. तेव्हा ताटाखाली काहीतरी आले. पाट माणसासाठी होता, ही चटई टेबलासाठी आहे. पाहुणा बसल्यावर आपण आता फर्निचरची काळजी घेतो, असे कुणाला वाटले तर मी वाद घालणार नाही.

युरोपात टेबलावर आधी पूर्ण टेबलक्लॉथ होता, प्रत्येकासाठी सुटा तुकडा ही त्या मानाने अलीकडची सोय. धुण्याचे कापड कमी होते, एवढाच तिचा व्यवहारी अर्थ. पण तो तुकडा काटा, सुरी, चमचा डावी-उजवीकडे मांडण्याच्या हिशेबाने कापलेला असतो, म्हणून रुंद आणि कमी खोल. आपल्या ताटात वाट्या, चटणी, कोशिंबीर, भाकरी सगळे आतच असते. बाजारात मिळणारा साधारण बारा बाय अठरा इंचांचा मॅट त्यामुळे आपल्या ताटाला अपुरा पडतो. मोठ्या स्टीलच्या ताटाची कड पुढून बाहेर येते आणि तांब्या तर बाहेरच राहतो. घरी करायचा असेल तर चौदा बाय वीस इंच धरावा. हा बदल लहान आहे, पण वस्तू उसनी आणली म्हणजे माप उसने आणलेच पाहिजे असे नाही.

आता विणकाम. झाडीपट्टीत बांबूच्या चटईशिवाय घर उभे राहत नव्हते, हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहीत नाही. कुडाची भिंत म्हणजे बांबूची विण आणि वर मातीचा लेप. भामरागडकडच्या माडिया घरांत आजही विणलेल्या बांबूच्या भिंती दिसतात. धानाची कणगी बांबूची, बैलबंडीवरचा तट्टा बांबूचा, पाखडायचे सूप, मोहफुले वेचायची टोपली, कोंबड्या झाकायचे खुराडे, मासे धरायचा सापळा, सगळे बांबूचे. दाराला लावायची ताटीही बांबूची. मुक्ताबाईच्या ‘ताटीच्या अभंगां’मुळे तो शब्द मराठी माणसाला पाठ आहे, पण ताटी म्हणजे नक्की काय हे शहरातल्या मुलांना विचारून पाहावे. ताट आणि ताटी या दोन शब्दांचे नाते जुळवण्याचा मोह मलाही झाला होता. व्युत्पत्तीच्या बाबतीत कानाला गोड लागते ते सहसा खोटे असते, म्हणून तो नाद सोडला.

यातले बरेचसे काम गोंड, माडिया, कोलाम कुटुंबे स्वतःच्या घरापुरते स्वतः करतात. विकण्यासाठी करणारी जात मात्र बुरूड. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या चार खंडांत बुरडांना स्वतंत्र प्रकरण नाही. बसोर, बांसफोड, धुलिया आणि बुरूड अशी एकत्र नोंद आहे, आणि बुरूड हे मराठी मुलखातले नाव म्हणून येते. आजच्या महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही बसोर, बुरूड, बांसोर, बांसोडी, बसोड ही नावे एकाच ओळीत आहेत. समाज स्वतःचे मूळ बसवेश्वरांच्या काळातील शरण मेदार केतय्यांशी जोडतो. बांबू फोडून टोपल्या विणणे हेच त्यांचे काम होते. सिरोंचाच्या बाजूला, तेलंगणाच्या सीमेवर, हेच काम करणाऱ्यांना मेदरी म्हणतात.

या जातीच्या वाट्याला एक विचित्र व्यवहार आला. माणूस गावाबाहेर, पण त्याच्या हातची वस्तू देवघरापर्यंत. बाळ जन्मले की त्याला सुपात ठेवायचे, ते सूप बुरडाचे. लग्नात दुरड्या आणि रुखवताच्या टोपल्या बुरडाच्या. मेल्यावर तिरडीचा बांबूही त्याच्याकडूनच. शिवाशिव मानणाऱ्या घरात बांबूची वस्तू पाणी शिंपडून आत घेतली जाई आणि विणणारा ओट्याखाली उभा राही. याच्यावर कितीही लिहिले गेले असले तरी टेबलमॅटच्या संदर्भात ते सांगणे भाग आहे, कारण आज ज्याला आपण हस्तकला म्हणून कौतुकाने टेबलावर ठेवतो त्याचे कौशल्य या ओट्याखाली जपले गेले आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः दोन बांबू. मानवेल, जो आतून जवळजवळ भरीव, बारीक आणि चिवट, आणि कटांग, जो जाड, उंच, काटेरी. काठीला, शिडीला, खांबाला कटांग. विणीला मानवेल बरा. पण बुरूड माणूस जातीपेक्षा वयाकडे अधिक पाहतो. त्याला हिरवा बांबू हवा, एक-दोन वर्षांचा, लांब पेरांचा, तोडून फार दिवस न झालेला. हिरव्या बांबूची कामटी कोयत्याने सरळ रेषेत सुटते, वाकवली तर मोडत नाही. वाळलेला बांबू फोडला तर चिरा वाकड्या जातात आणि बोटे कापतात. पुढचा सगळा इतिहास या हिरव्या आणि वाळलेल्या बांबूच्या फरकात अडकलेला आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

चटई कशी होते ते एकदा नीट सांगतो. बांबूचे पेर उभे चिरून दोन भाग, मग चार, मग आठ, अशा कामट्या काढतात. प्रत्येक कामटीचे पुन्हा जाडीत थर सोडवतात. वरचा हिरवा, गुळगुळीत थर म्हणजे पाठ. आतला पांढरट, मऊ थर म्हणजे पोट. पाठीची पट्टी टिकाऊ, पोटाची पट्टी स्वस्त आणि लवकर घुणणारी. रस्त्यावरची चटई घेताना उलटून पाहावी. दोन्ही बाजूंनी नुसते पोट दिसले तर किंमत कमी करून मागायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंनी पाठ असेल तर घासाघीस करू नये. पट्ट्या सुरीच्या धारेखालून ओढून एकसारख्या करतात. या ओढण्यातच अर्धा दिवस जातो. विणायला लागणारा वेळ त्या मानाने थोडा.

विण साधी. जमिनीवर उभ्या पट्ट्या मांडायच्या, त्यांवर पाय ठेवायचा, आणि मधोमधून आडव्या पट्ट्या दोन वर, दोन खाली अशा घालत बाहेर सरकायचे. पुढच्या ओळीत एक घर सोडायचे. त्यामुळे तिरक्या रेषा दिसतात. एक वर, एक खाली अशी विण अधिक घट्ट, पण पट्टी रुंद असेल तर त्यात फटी राहतात. विणणाऱ्या बाईचा पाय हे या कामातले मुख्य हत्यार आहे. चित्रांत आणि जाहिरातींत नेहमी हात दाखवतात.

ज्यांना बांबू फोडता येत नाही त्यांच्यासाठी घरी करण्याचा सोपा मार्ग असा. बुरडाकडून साधी, बारीक विणीची मोठी चटई घ्यावी. घुणू नये म्हणून बांबू विणण्याआधीच दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला आहे का, हे विचारावे. पाण्यात त्याच्यातली खळ निघून जाते, आणि घुणकिड्याला हवी असते ती खळच. चटईवर खडूने चौदा बाय वीसचे चौकोन आखावेत. कापण्याआधी प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना दाभणाने जाड सुती दोऱ्याची शिवण घालावी, मगच मधून कात्री चालवावी. आधी कापले तर विण हातात सुटून येते आणि पुन्हा बसत नाही. कडेला जुन्या साडीचा काठ दुमडून शिवावा. नऊवारीचा काठ यासाठी उत्तम, रुंदही आणि न झिजणाराही. रंग हवा असेल तर तो चटई विणण्याआधी पट्ट्यांना द्यावा लागतो, आणि तोही पोटाच्या पट्ट्यांना, कारण पाठीचा तुकतुकीत थर रंग धरत नाही. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याची फुले उकळून त्या पाण्यात पट्ट्या टाकल्या तर केशरट पिवळा उतरतो. वापरल्यावर चटई ओल्या फडक्याने पुसून उभी ठेवावी. पावसाळ्यात आडवी रचून ठेवली की बुरशी आलीच. वॉर्निश मी लावत नाही. गरम ताटाखाली त्याचा वास येतो.

इथपर्यंत गोष्ट घरातली आहे. पण बांबू कुठून आणायचा?

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला. त्यानंतरच्या काही दशकांत जंगल ‘राखीव’ झाले, त्यातून माणसे काय नेऊ शकतात याच्या याद्या झाल्या. १८६५, १८७८, १९२७ असे तीन वनकायदे आले. १८७८ च्या कायद्यातच ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे आणि वेत हे सगळे घातलेले होते, आणि १९२७ च्या कायद्याने ती व्याख्या तशीच पुढे नेली. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, हे तेव्हाही ठाऊक होते. कायद्याला शास्त्राशी कर्तव्य नव्हते, महसुलाशी होते. झाड म्हटले की तोडायला परवानगी, वाहून न्यायला पास, आणि दोन्ही नसतील तर गुन्हा.

तरी मध्य प्रांताच्या कारभारात एक फट होती, तिचे नाव निस्तार. गावाच्या रोजच्या गरजेपुरते सरपण, काटे, गवत, बांबू जवळच्या जंगलातून नेण्याची सवलत. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हा शब्द परका वाटेल. चांदा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता, त्या कारभाराची ही खूण आजही पूर्व विदर्भाच्या तोंडी आहे. निस्तारात बांबू मिळे, पण ती सवलत होती, हक्क नव्हता. आणि ती मुख्यतः शेतकऱ्याच्या कुंपणाचा, घराच्या छपराचा विचार करून आखलेली होती. विकण्यासाठी विणणारा बुरूड तिच्यात नीट बसत नव्हता. त्याची वेगळी नोंदणी आणि सवलतीच्या दराने डेपोतून पुरवठा, अशी सोय पुढे झाली.

त्याच सुमारास बांबूला दुसरा गिऱ्हाईक मिळाला. इंग्लंडमधील कागद-उत्पादक टॉमस रौटलेज याने १८७५ मध्ये बांबूपासून कागद होऊ शकतो असे सांगणारी पुस्तिका छापली. पुढे डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूचा लगदा करण्याची व्यवहारी पद्धत बसवली. १९२५ मध्ये बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदाच आला, आयात कागदावर जादा जकात लावून. १९२५ चा कागदाचा कायदा आणि १९२७ चा जंगलाचा कायदा यांना एका सूत्रात ओवून कट रचल्याची गोष्ट सांगता येईल, आणि ती सभेत टाळ्याही घेईल. पण बांबू ‘झाड’ झाला तो त्याच्या अर्धशतक आधी. व्याख्या कागदासाठी केली नव्हती. कागदाला ती आयती मिळाली.

काझीपेठ-बल्हारशा रेल्वे १९२९ मध्ये जोडली गेली आणि दिल्ली-मद्रास सरळ मार्ग चांद्याच्या जंगलाच्या कडेने गेला. पाणी वर्धा नदीचे, कोळसा शेजारचा, बांबू मागचा. १९४५ मध्ये लाला करमचंद थापर यांच्या पुढाकाराने बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. १९७५ मध्ये तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झाले. गिरणीने हजारो घरे चालवली, हे मान्य करूनच पुढे लिहितो; माझ्या पिढीची पाठ्यपुस्तके कदाचित याच कागदावर छापलेली असतील. पण गिरणीला बांबू मिळे तो दीर्घ मुदतीच्या कराराने, टनाच्या हिशेबात. बुरडाला मिळे तो नगाच्या हिशेबात, डेपोवर रांग लावून. टनाच्या भावाने नगाची किंमत काढून पाहिली तर गिरणीला बांबू किती स्वस्त पडत होता, याची चर्चा या भागातल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली आहे.

मला त्या दराइतकाच महत्त्वाचा वाटतो तो हिरव्या बांबूचा मुद्दा. कागदाला बांबू वाळलेला असला तरी चालतो. तो पुढे चिरडला आणि शिजवलाच जाणार असतो. त्यामुळे तोड, वाहतूक, रचाई, डेपो ही सगळी साखळी वेळेची पर्वा न करणारी झाली. शिवाय वनखात्याच्या तोडणीच्या नियमांत बेटातली कोवळी बांबू राखून पक्की तोडायची असतात, आणि बेटाच्या आरोग्यासाठी ते बरोबरही आहे. पण याचा एकत्र परिणाम असा की डेपोवर बुरडाच्या हाती येतो तो पक्का आणि वाळलेला बांबू. नोंदणी आहे, दर सवलतीचा आहे, माल आहे, आणि चटई विणता येत नाही. ‘हिरवा बांबू द्या’ ही या दोन जिल्ह्यांतल्या बुरडांची मागणी म्हणूनच इतकी जुनी आणि इतकी चिवट आहे. बाहेरच्या माणसाला ती हट्टासारखी वाटते.

मूल रस्त्यावर बसणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी एकदा विचारले, की चटईचा भाव एवढा कसा वाढला. मी वहीत काही टिपत होतो. त्या वहीकडे पाहून म्हणाल्या, “गुरजी, तुमी लिवता थो कागद बी बासाचाच हाये. तेले बास भेटते, आमाले भेटत नाही.” बास म्हणजे बांबू. मी या विषयावर वाचलेल्या अहवालांत इतके नेमके वाक्य नाही.

बदलाची सुरुवात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातून झाली. मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहान गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. गिरणीसाठी आपल्या जंगलात होणाऱ्या बांबूतोडीला या गावाने फार आधीच हरकत घेतली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या यादीत बांबूचे नाव स्पष्ट लिहिले, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता एका कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाच्या मालकीचा, आणि दुसऱ्या कायद्यात झाड, म्हणजे वनखात्याचा. गावाने तोडलेल्या बांबूला वाहतूक पास देणार कोण? दोन वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसाची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यात हातात आहे ते पुस्तक फार पातळ आहे. दीडशे वर्षांचा कारभार एवढ्या पातळ पुस्तकावर चालला होता.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये एक हजार हेक्टरांहून थोड्या अधिक जंगलावर हक्क मिळाला. या गावाने तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात. उत्पन्न कमी झाले तरी चालेल म्हणाले, आणि बांबूचे काम स्वतः नियम करून, स्वतः मजुरी ठरवून चालवले. हातातल्या पैशावर पाणी सोडणाऱ्या गावाबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा उल्लेख.

शेवटी नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने, आणि त्यामागोमाग आलेल्या दुरुस्ती कायद्याने, १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढला गेला. बातम्या अशा आल्या की बांबू आता मुक्त झाला. झाला, पण शेतातला. जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे आणि त्याच्यावर वनखात्याचे किंवा हक्कधारक ग्रामसभेचे नियम चालतात. ज्याच्याकडे बांधावर बांबू लावायला शेत आहे त्याला या दुरुस्तीचा फायदा. ज्या गावाला जंगलाचा हक्क मिळाला त्याला २००६ च्या कायद्याचा फायदा. बुरूड बहुतेक मूल, सिंदेवाही, चंद्रपूर, आरमोरी अशा गाव-शहरांच्या वस्त्यांत राहतो. त्याला शेत नाही आणि सामूहिक हक्काचे जंगलही नाही. ग्रामसभा बांबूचा लिलाव करते तेव्हा ती अधिक भाव देणाऱ्याला विकणार, आणि तिने तसेच करावे, तिचा तो हक्क आहे. पण त्या लिलावात शंभर बांबू मागणारा माणूस कुठे उभा राहील, याचे उत्तर ना नव्या कायद्यात आहे, ना जुन्या. दोन्ही चळवळींबद्दल आदर असूनही मला हे नोंदवणे आवश्यक वाटते. या दोन जिल्ह्यांत बांबूवरचा सर्वांत जुना धंदा करणारा माणूसच बांबूच्या मुक्तीच्या बाहेर राहिला.

महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. चंद्रपूरहून मूलकडे जाताना ते लागते. बांबूचीच भव्य इमारत उभी राहत असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला आग लागली आणि मोठा भाग जळाला. केंद्राने अनेक स्त्रियांना शिकवले. ताडोब्याच्या आसपासच्या गावांतल्या बाया आज राख्या, कंदील, फोटोफ्रेम, ट्रे आणि टेबलमॅट करतात. मेळघाटातल्या लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने हे काम त्याआधीच दाखवून दिले होते. या केंद्रांमध्ये शिकणाऱ्यांत बुरूड घरातल्या बाया आहेत, तशा इतर जातींच्याही आहेत, आणि ते चांगलेच आहे. ओट्याखालचे काम ओट्यावर आले. पण प्रशिक्षणात पट्ट्या यंत्राने निघतात, जाडी एकसारखी असते, आणि मॅट बहुधा काड्यांचा असतो: एकाच जाडीच्या गोल काड्या शेजारी-शेजारी ठेवून चार ठिकाणी दोऱ्याने गुंफलेला. गुंडाळता येतो, दिसतो सुबक, शिकायला दोन दिवस पुरतात. त्यात पायाने दाबून तिरकी विण घालण्याची गरज नाही. ती विण ज्यांना येते त्या बाया साठीच्या पुढच्या आहेत.

बांगलादेशातल्या सिल्हेटच्या शीतलपाटीला २०१७ मध्ये युनेस्कोने आपल्या यादीत घेतले. तीही चटईच, एका झुडपाच्या सालीची. आपल्या मानवेलच्या चटईसाठी तसे काही करावे असे एका परिसंवादात सुचवले गेले, तेव्हा मी गप्प बसलो. यादीत नाव गेले तर आनंद आहे. पण शीतलपाटी विणणाऱ्याला त्याचे झुडूप ओले मिळते.

घरच्या टेबलासाठी सहा चटया करायच्या तर मध्यम जाडीचे दोन-तीन मानवेल पुरतात. एवढ्या बांबूला कोणता करार लागू नये, असे वाटते. पावसाळ्यात जंगलातली तोड बंद असते, नवे कोंब तेव्हाच फुटतात. दसऱ्यानंतर कूप उघडतात, म्हणजे हा अंक तुमच्या हातात येईल त्या दिवसांतच. मूल रस्त्यावर या काळात चटया कमी आणि सुपे-टोपल्या जास्त दिसतील, कारण उरलेल्या वाळक्या बांबूतून जाड पट्टीचे काम तेवढे निघते. बारक्या विणीची चटई हवी असेल तर त्या बाया सांगतील, दोन आठवड्यांनी या, बास आला तर.